सोपारा: पिन टोचायची कुठे?

नालासोपारा म्हटलं की बहुतेकांना आठवते लोकलची गर्दी. पण जुन्या ग्रंथांतली गावं डिजिटल नकाशावर मांडायला घेतली, तर आपल्या वसई-विरार पट्ट्यात पहिला नंबर याच गावाचा. महाभारताच्या वनपर्वात शूर्पारक, पाली ग्रंथांत सुप्पारक, नाशिकच्या लेण्यातल्या उषवदाताच्या लेखात शोर्पारग, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तिकेत सुप्पारा. गाव एक, स्पेलिंगं चार. डेटाबेसवाल्यांना यात नवीन काही नाही, आमच्याकडे एकाच ग्राहकाची नावंही अशीच येतात :-)

नावांचं जुळवता येतं हो, खरा घोळ जागेचा आहे. पेरिप्लसवाला भडोचनंतरची बंदरं फक्त ओळीने सांगतो: आकाबारू, सुप्पारा, कल्याण. म्हणजे हाती लागतो तो क्रम. आकाबारू कुठलं यावर अजून एकमत नाही.

दुसऱ्या शतकातला टॉलेमी तर थेट अक्षांश-रेखांश देतो! वाटतं, टाका एक्सेलमध्ये आणि व्हा मोकळे. पण त्याचा शून्य रेखांश कॅनरी बेटांपाशी, पृथ्वी प्रत्यक्षाहून लहान धरलेली, आणि त्याचा भारत दक्षिणेकडे निमुळता होतच नाही, किनारा आपला पूर्वेकडे पळत सुटतो. सरसकट एक आकडा वजा करून भागत नाही. त्याच्याकडूनही घ्यायचा तो क्रमच. तिथे एक गंमत आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना तो सोपाऱ्यानंतर गोआरिस नदीचं मुख देतो. जुन्या काही अभ्यासकांनी गोआरिस म्हणजे वैतरणा असं धरलं. पण वैतरणेचं मुख अर्नाळ्याजवळ, म्हणजे सोपाऱ्याच्या उत्तरेला! मग चूक कोणाची?

उत्तर कदाचित खाडीत असावं. पूर्वी वसई हे बेट होतं. सोपाऱ्याची खाडी त्याच्या मागून, वसईच्या खाडीपासून वैतरणेपर्यंत जायची. पुढे ती गाळाने भरत गेली. अशा पाण्यात दक्षिणेच्या तोंडालाही कुणा खलाशाने तीच नदी म्हटलं असेल, तर टॉलेमीचा क्रम बरोबर ठरतो. हा आपला माझा अंदाज.

जमिनीवरचा पुरावाही एका ठिपक्यात बसत नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी 'बुरुड राजाचा कोट' नावाचं टेकाड खणलं, तो निघाला बौद्ध स्तूप. (शूर्प म्हणजे सूप, आणि सुपं विणणारे बुरुड. लोकांनी नावातला अर्थ धरून ठेवला की काय?) त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा मात्र १९५६ साली मिळाला तो भुईगावात.

'प्लायडीझ' या प्राचीन स्थळांच्या ऑनलाइन कोशात स्थळ, नाव आणि जागा या तीन वेगळ्या नोंदी असतात, ते मला फार पटलं. एकदा पिन टोचली की लोक ती कॉपी करत सुटतात आणि दोन वर्षांत अंदाजाचं सत्य होतं. म्हणून माझ्या फाइलमध्ये सोपारा बंदराला पिन नाही. स्तूपाला आहे, शिलालेखांच्या दोन्ही जागांना आहे. बंदरासाठी जुन्या खाडीकाठचा फिकट पट्टा रंगवलाय. गोआरिसला दोन मुखं दिलीत, दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह. आणि आकाबारूचा कॉलम अजून रिकामाच आहे.