शाळा की अंगणवाडी? गावाच्या पैशाचा निर्णय कसा होतो, समजून घ्या

धाराशिव जिल्ह्यातलं, परंडा तालुक्यातलं सोनारी गाव अनेकांना माहीत आहे ते भैरवनाथाच्या मंदिरामुळे आणि चैत्रातल्या यात्रेमुळे. पण सोनारीसारख्या गावांत दरवर्षी एक प्रश्न येतो, त्याची बातमी सहसा होत नाही. समजा, ग्रामपंचायतीकडे थोडेच पैसे आहेत. शाळेची एक खोली गळतेय आणि अंगणवाडीत नळ नाही. आधी काय करायचं? आणि हे ठरवायचा अधिकार कोणाला?

पगार ग्रामपंचायत देत नाही

जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं आणि तो जिल्हा परिषदेमार्फत मिळतो. किती शिक्षक मिळणार, हे 'संचमान्यते'त ठरतं, म्हणजे पटावरच्या मुलांच्या संख्येवर. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात.

अंगणवाडीचा कारभार वेगळ्या खात्याचा. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाड्या आल्या. सेविका आणि मदतनीस यांना पगार नाही, मानधन मिळतं. ते केंद्र आणि राज्य मिळून देतात. मुलांच्या आहारासाठी केंद्राचा दर २०१७ पासून दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलांसाठी १२ रुपये होता.

म्हणजे शाळा शिक्षण विभागाकडे आणि अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे. दोन्ही एकाच आवारात असल्या तरी त्यांच्या फायली वेगळ्या टेबलांवर असतात.

मग ग्रामपंचायतीच्या हातात काय?

मुख्यतः दोन गोष्टी.

पहिली, वित्त आयोगाचा निधी. १५व्या वित्त आयोगाच्या काळात (ग्रामपंचायतींसाठी २०२१-२२ ते २०२५-२६) महाराष्ट्रात या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला, अशी विभागणी होती. त्यातही ६० टक्के रक्कम 'बंधित', म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के 'अबंधित', म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची. पण त्यातून पगार देता येत नाही.

उदाहरण घेऊ. एखाद्या ग्रामपंचायतीला वर्षाला १० लाख मिळाले, तर ६ लाख बंधित आणि ४ लाख अबंधित. रस्ता, गटार, दिवे, शाळा, अंगणवाडी हे सगळं या ४ लाखांच्या रांगेत उभं राहतं. मात्र शाळेतलं पिण्याचं पाणी किंवा अंगणवाडीचं शौचालय बंधित निधीतही बसू शकतं. गावांच्या चर्चेत हा मुद्दा अनेकदा सुटतो.

दुसरी, स्वतःचं उत्पन्न, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे. त्यातली १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. वसुलीच कमी असेल, तर ही रक्कमही किरकोळ राहते.

शाळेला वेगळा पैसा मिळतो का?

मिळतो. समग्र शिक्षा योजनेतून प्रत्येक सरकारी शाळेला पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ३० पर्यंत मुलं असतील तर १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार आणि २५० पर्यंत ५० हजार. ही वर्षभराची कमाल रक्कम आहे. वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, साहित्य सगळं यातच. १०० मुलांच्या शाळेला महिन्याला साधारण २,००० रुपये! नवीन वर्गखोल्या आणि मोठी दुरुस्ती यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेकडे किंवा जिल्हा परिषदेकडे पाठपुरावा करावा लागतो. त्यात मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. तेव्हापासून गावाची मागणी पुढे रेटायला निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्यच नव्हता.

अंगणवाडीच्या इमारतीसाठी केंद्राने १२ लाखांचा हिशेब ठरवला होता. ८ लाख मनरेगातून, २ लाख वित्त आयोगाच्या निधीतून आणि २ लाख महिला व बालविकास विभागाकडून. तीन खिशांतून पैसा यायचा असेल, तर एक खिसा रिकामा राहिला तरी काम अडकतं.

कायदा कोणाच्या बाजूने?

खरी मेख इथे आहे. ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने आहे. शाळेसाठी व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे आणि तिच्यात ७५ टक्के पालक असतात. ही समिती शाळेचा विकास आराखडा करते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं काय? अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार अंगणवाडीतला आहार हा त्यांचा हक्क आहे. शिक्षण मात्र नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ सांगतं की सरकार पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय 'करू शकतं'. 'केलीच पाहिजे' असं म्हणत नाही. थोडक्यात, खिचडी हा हक्क आहे, बडबडगीत नाही.

दुसरीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांपूर्वी होतो. मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात अंगणवाडीत रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण अपेक्षित आहे. पण ते देणार त्याच सेविका, ज्यांच्याकडे आहार, वजन-उंची, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदीही आहेत.

अंगणवाडीवरचा खर्च शाळेच्याही कामाचा

अंगणवाडीत फक्त खाऊ मिळतो, शिकवत नाहीत, असं पालकांना वाटलं की ते ऐपतीप्रमाणे मुलाला खासगी नर्सरीत घालतात. तिथे रुळलेलं मूल पहिलीला जिल्हा परिषद शाळेत परत येईलच असं नाही. पट घटतो, संचमान्यतेत शिक्षक कमी होतात, अनुदानाचा टप्पाही खाली येऊ शकतो. म्हणून 'शाळा की अंगणवाडी' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. आज अंगणवाडीत बसलेली मुलं म्हणजे दोन-तीन वर्षांनंतरचा शाळेचा पट.

धाराशिवमध्ये आणखी एक गोष्ट आहे. इथली अनेक कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. शाळेतल्या मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तीन-चार वर्षांचं मूल मात्र आईसोबत उसाच्या फडात जातं. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत हा जिल्हा होता. त्या कार्यक्रमात आरोग्य-पोषण आणि शिक्षण यांना सर्वाधिक, प्रत्येकी ३० टक्के, महत्त्व आहे.

तुम्ही काय करू शकता?

• वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा. अंगणवाडीचा विषय तिथे मांडा आणि ठरावात लिहून घ्या.
• ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळा आणि अंगणवाडीची कोणती कामं आहेत, ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पाहा. तिथे खर्चही दिसतो.
• महिला व बालकल्याणाची १० टक्के रक्कम किती होती आणि कशावर खर्च झाली, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा.
• पाणी आणि शौचालयाची कामं बंधित निधीतून मागा, म्हणजे अबंधित पैसा इतर कामांना उरेल.

शाळेसाठी बोलायला कायद्याने नेमलेली समिती आहे. अंगणवाडीसाठी ग्रामसभेत कोणीतरी उठून बोलावं लागतं.