पडके घर आणि नगरपालिकेची संमती

घर बांधावयाचे तर परवानगी लागते, ही गोष्ट आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. परंतु स्वतःचेच पडके घर उतरवून घ्यावयाचे, तरी नगरपालिकेच्या दारी अर्ज घेऊन जावे लागते, हे कळले म्हणजे पुष्कळ सुशिक्षितांसही अचंबा वाटतो. 'घर आमचे, पडले तेही आमचे; मग तिसऱ्याची संमती कशाला?' हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा घरांच्या इतिहासात अधिक स्पष्ट सापडते. म्हणून तो इतिहास थोडक्यात पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम घराकडेच पाहू. घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागातील दोन गावे. शिरूरला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी होती. कोरेगावच्या लढाईसाठी कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री येथूनच निघाली. दौंडला मोठेपण दिले ते आगगाडीने. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन बनले. एक गाव छावणी व बाजारपेठ यांवर वाढले, दुसरे रुळांवर. पण या कमी पावसाच्या मुलखातील जुन्या घराची घडण एकच. दगडी जोते, वर पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, आणि त्यांवर मातीचे धाबे. असे घर उन्हाळ्यात थंड राहते. पण त्याचा जीव गिलाव्यात असतो. धाब्यावरची माती दरवर्षी दाबली नाही, भिंतीचा पोपडा वेळीच सारवला नाही, म्हणजे पाणी भिंतीच्या पोटात शिरते. मग एके दिवशी भर पावसात, किंवा पाऊस उघडून ऊन पडल्यावर, भिंत आतून सुटते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींची काय गत झाली, हे जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

या घरांचे दुसरे लक्षण म्हणजे सामाईक भिंत. पेठेतील घरे एकमेकांस खेटून उभी असतात. एकाच्या तुळईचे टोक आणि शेजाऱ्याच्या तुळईचे टोक एकाच भिंतीत रुतलेले असते. तेव्हा मधले एक घर उतरविले, की शेजारच्या दोन घरांचा आधार जातो. 'माझे घर मी पाडीन' या वाक्यातील 'माझे' किती अपुरे आहे, हे येथे उमगते.

ही अडचण आपल्याच देशातील किंवा आपल्याच काळातील नाही. स्पेनमधील ओसूना या गावी रोमन वसाहतीची सनद कांस्यपत्रांवर कोरलेली सापडली आहे; ती इ. स. पूर्व ४४ ची. तीत असे कलम आहे की, वसाहतीतील इमारतीचे छप्पर कोणी काढू नये, ती पाडू नये वा मोडू नये. पुन्हा बांधून देण्याबद्दल अधिकाऱ्यांकडे जामीन दिला असेल, किंवा किमान पन्नास सभासद हजर असता नगरसभेने ठराव केला असेल, तरच तसे करता यावे. पुढे सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीत रोमच्या सीनेटने, नफ्यासाठी पाडण्याच्या हेतूने घर विकत घेणाऱ्याने किमतीच्या दुप्पट रक्कम सरकारजमा करावी, असे ठरविले. शेजारचे मोडकळीस आलेले घर आपल्यावर कोसळेल अशी भीती असणाऱ्या रोमन गृहस्थास नुकसानीबद्दल हमी मागण्याचाही हक्क होता. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच या प्रश्नाच्या दोन्ही बाजू स्पष्ट झाल्या होत्या: घर अकारण पाडले तर नगर उजाड होते, आणि पडके घर तसेच ठेविले तर शेजारी मरतो.

आपल्याकडे नगरपालिका आल्या त्या १८५० च्या कायद्याने. शिरूरची नगरपालिका १८६८ सालची. त्यानंतर मुंबई इलाख्यात १८७३, १८८४ आणि १९०१ असे जिल्हा नगरपालिकांचे कायदे झाले. धोक्याची इमारत काढून टाकण्यास वा सावरण्यास मालकास लेखी फर्माविण्याचा, आणि त्याने न ऐकल्यास ते काम त्याच्या खर्चाने करविण्याचा अधिकार नगरपालिकेच्या हाती आला. १८९६-९७ च्या प्लेगाने या अधिकारास निराळेच रूप दिले. मुंबईत 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे घरांवर रंगविण्यात आली, आणि १८९८ साली सुधार मंडळाचा कायदा होऊन वस्त्याच्या वस्त्या पाडण्याचा मार्ग खुला झाला. ज्यांची घरे अशी गेली त्यांनी जावे कोठे, याचा विचार मागाहून आला, आणि पुरता कधीच आला नाही.

आज शिरूर व दौंड या दोन्ही नगरपरिषदा १९६५ च्या महाराष्ट्र कायद्याखाली चालतात. त्यात धोकादायक घराविषयीचा तो जुना अधिकार कायम आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याने 'विकास' या शब्दाची जी व्याख्या आज केली आहे, तीत इमारत पाडणे हेही येते. म्हणून मालकाने स्वतः होऊन पाडावयाचे, तरी परवानगी हवी. येथे दोन कागद निरनिराळे आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. एक 'पाडा' अशी आज्ञा; दुसरा 'पाडण्यास हरकत नाही' अशी संमती. आज्ञेचा जन्म धोक्यातून झाला, संमतीचा नगराच्या काळजीतून.

खरा तंटा उद्भवतो तो घरात भाडेकरी असला म्हणजे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने साधारणपणे सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण धरले. महागाईच्या दिवसांत भाडेकऱ्यास तो मोठा आधार झाला. परंतु त्या भाड्यात घराची डागडुजी होईना. मालकाने हात आखडला, भाडेकऱ्याने घर आपले नव्हे म्हणून दुर्लक्ष केले, आणि धाब्यावरची माती वाहून गेली. त्याच कायद्यात, व पुढे १९९९ च्या कायद्यातही, नगरपालिकेने तातडीने पाडण्याचा हुकूम केला असल्यास मालकास जागेचा ताबा मागता येतो, असे कलम आले. कलम न्याय्य आहे. कोसळत्या छपराखाली कोणास ठेवावे असे कोण म्हणेल? परंतु त्याने आज्ञेच्या कागदास एक नवी किंमत आली. जे घर न्यायालयात वर्षानुवर्षे झगडून रिकामे होत नव्हते, ते एका नोटिशीने रिकामे होऊ लागले. मग दुरुस्ती टाळून नोटिशीची वाट पाहणे हा काहींस किफायतीचा व्यवहार वाटला, तर त्यात नवल नाही.

याची उलट बाजूही तितकीच भयंकर आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे दगावली. ती धोकादायक ठरली होती, पाडण्यास संमतीही काही वर्षांपूर्वी मिळाली होती. तरी कुटुंबे आतच राहात होती. हे केवळ अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. एकदा बाहेर पडलो की पुन्हा आत येणे नाही, ही धास्ती छपराच्या धास्तीहून मोठी ठरते. म्हणूनच माणसे मृत्यूच्या छायेत संसार मांडून बसतात.

या धास्तीवर न्यायालयांनी काही उतारा दिला आहे. पूर्वी, आगीत भस्म झालेल्या एका दुकानाच्या खटल्यात, इमारत गेली की भाडेकरार संपला, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. २०१४ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने ते मत फिरविले: इमारत पाडली तरी जमीन राहते, आणि केवळ पाडण्याने भाडेकऱ्याचा हक्क बुडत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने महानगरपालिकेस, पाडण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाची व त्याच्या जागेच्या क्षेत्रफळाची नोंद करण्याची रीत घालून दिली.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार त्या नोंदीत आहे. मोठ्या शहरातील भाडेकऱ्यास वकील सापडतो, वृत्तपत्र सापडते. लहान गावात नोटिशीची मुदत संपते आणि घराबरोबर पुरावाही मातीत जातो. तेव्हा शिरूरसारख्या पेठेत काय आणि दौंडसारख्या जंक्शनात काय, पडक्या घरावर पहार पडण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर याव्यात: घर खरोखर सावरण्यापलीकडे गेले आहे काय, हे जाणत्या अभियंत्याचे मत, सामाईक भिंतीचे काय करणार, याची शेजाऱ्यास हमी, आणि आत कोण किती जागेत राहात होते, याचा पंचनामा. ओसूनाच्या कांस्यपत्रावर नगराने पाडणाऱ्याकडून जामीन मागितला होता. आजच्या नगरपरिषदेने एवढा पंचनामा मागितला, तरी कोसळत्या घरातून माणसे वेळेवर बाहेर पडतील. कारण आपली जागा कोठेतरी लिहिलेली आहे, एवढा विश्वास त्यांस असेल.