पडद्यावरचा मास्तर : डॉ. श्रीराम लागू यांच्या भूमिकांविषयी



शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एका नटाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी अत्यंत सौजन्याने, परंतु दोन वेळा, विषय तोच ना, अशी विचारणा केली. त्यांची शंका रास्त होती. या व्यासपीठावरून आजवर संतांविषयी, समाजसुधारकांविषयी बोलले गेले आहे. सिनेमात आणि दूरदर्शनवर दिसणारा माणूस येथे प्रथमच येत असावा. तथापि डॉ. श्रीराम लागू हे थोर नट होते, एवढ्याच कारणासाठी मी हा विषय घेतलेला नाही. मराठी समाजाने ‘मास्तर’ नावाच्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहिले याचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर या एका नटाच्या भूमिका हे त्याचे भरवशाचे साधन ठरेल, असे माझे मत आहे. शाळेत बोलण्यास हा विषय अनुचित ठरू नये.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगतो. जन्म 16 नोव्हेंबर 1927, सातारा. वडील डॉक्टर. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण चालू असतानाच नाटकाचे वेड लागले. भालबा केळकर आणि इतर मित्रांसमवेत प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेत त्यांची घडण झाली. वसंत कानेटकरांचे ‘वेड्याचे घर उन्हात’ हे याच संस्थेने रंगभूमीवर आणलेले नाटक. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेचे पुढील शिक्षण त्यांनी परदेशी घेतले, पुण्यात व्यवसाय केला, टांझानियात काही वर्षे शल्यविशारद म्हणून काम केले आणि 1969 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो चालता व्यवसाय सोडून ते पूर्ण वेळ नट झाले. बेचाळीस हे वय मध्यमवर्गीय माणसाने भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब करावयाचे असते. या निर्णयाचे धाडस आज सांगून पटणार नाही.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1970 मध्ये, शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आले. गोमंतकीयांनी मुंबईत स्थापन केलेल्या गोवा हिंदु असोसिएशनने ते रंगभूमीवर आणले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणाऱ्या आपण मंडळींनी विसरू नये. परंतु गणपतराव बेलवलकर मी आज बाजूला ठेवणार आहे. त्या भूमिकेच्या झगमगाटात लागूंचे दुसरे काम झाकोळले गेले, अशी माझी जुनी तक्रार आहे.

ते दुसरे काम 1972 पासून स्पष्ट दिसू लागते. त्या वर्षी कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’मध्ये त्यांनी प्रा. भानू उभे केले. महर्षी धोंडो केशव कर्वे आणि त्यांच्या पत्नी यांच्या जीवनावरून सुचलेले हे नाटक. कर्वे 1891 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले, हे आपण जाणतोच. नाटककाराने विचारलेला प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही : अशा पुरुषाच्या घरातल्या माणसांचे काय होते? लागूंचे भानू पूज्य होते आणि त्याच वेळी घरच्यांना असह्यही होते. यांपैकी एकही बाजू त्यांनी सौम्य केली नाही.

त्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ प्रदर्शित झाला. खेड्यातला एक आदर्श शिक्षक तमाशाचा फड गावाबाहेर घालवतो आणि अखेरीस त्याच फडातल्या नर्तकीच्या पायी स्वतःला गमावतो, हे कथानक सर्वांना ठाऊक आहे. त्याचे मूळ हाइनरिश मान यांच्या 1905 मधील जर्मन कादंबरीत आणि तिच्यावरून 1930 मध्ये निघालेल्या ‘द ब्लू एंजल’ या चित्रपटात आहे. तुलना केली असता एक फरक डोळ्यांत भरतो. जर्मन चित्रपटातल्या प्राध्यापकाची त्याचे विद्यार्थी आरंभापासूनच टिंगल करतात. सर्वस्व गेल्यावर तो रात्री आपल्या रिकाम्या वर्गात परततो आणि टेबलाला घट्ट धरून प्राण सोडतो. त्याला परत हवी असते ती आपली जागा. आपल्या गुरुजींना गावाने आधीच देव मानले आहे. दुसऱ्याच कोणाचे प्रेत त्यांचे म्हणून ओळखले जाते, गाव पुतळा उभारते, आणि गुरुजी मात्र जिवंत असतात, तमाशाच्या फडात पडेल ते काम करीत असतात. शेवटी गुरुजींच्या खुनाचा आरोप खुद्द त्यांच्यावरच येतो. मी जिवंत आहे, एवढे म्हटले तरी सुटका आहे; परंतु पुतळा टिकावा म्हणून ते फाशी पत्करतात.

हा बदल शांताराम आणि त्यांच्या लेखकांनी केला, नटाने नव्हे. परंतु तो पडद्यावर खरा वाटला तो लागूंमुळे. पूर्वार्धातल्या त्यांच्या ताठ मानेतच, स्वच्छ उच्चारातच एक अहंकार आहे. हा मनुष्य स्वतःच्या पुतळ्यासारखा चालतो, हे पुतळा उभा राहण्याच्या कितीतरी आधी आपल्याला दिसते.

येथे एक व्यक्तिगत आठवण सांगतो. त्या सुमारास मी याच शाळेत नवा शिक्षक होतो. महाविद्यालयातली नोकरी आणि पीएच. डी. नंतरची. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण आज जमलो आहोत, त्या आपल्या मुख्याध्यापकांना तमाशाप्रधान चित्रपटांचा तिटकारा होता. आम्हां तरुण शिक्षकांच्या आग्रहास्तव ते ‘पिंजरा’ पाहावयास आले. परतताना बेळगावच्या त्या पावसाळी रस्त्याने कोणाशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत काय म्हणाले, ते शेवटी सांगेन.

‘पिंजरा’नंतर अल्पावधीत जब्बार पटेलांचा ‘सामना’ आला. लेखन तेंडुलकरांचे. 1975 च्या बर्लिन महोत्सवात तो दाखवला गेला. येथेही लागू मास्तरच. पण हा मास्तर दारूच्या आहारी गेलेला, कोठून तरी येऊन गावात पडलेला. निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव त्याला आश्रय देतो. मास्तराजवळ ना नोकरी, ना प्रतिष्ठा, ना पुतळ्याची आशा. उरली आहे ती एक खोड : मारुती कांबळे नावाच्या बेपत्ता माणसाचे काय झाले, हे विचारीत राहण्याची. ‘पिंजरा’तला मास्तर गावासाठी सत्य दडवून मरतो, ‘सामना’तला, ज्याच्या हातून प्याला सुटत नाही, तो सत्य सोडीत नाही. एकाच नटाने दोन-तीन वर्षांच्या अंतराने ही दोन टोके दाखवावीत, हा योगायोग असेलही. मला तो तसा वाटत नाही.

1974 मध्ये गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ लागूंनीच दिग्दर्शित केले आणि त्यातील प्राध्यापक कुलकर्ण्यांची भूमिकाही केली. डाव्या विचारांच्या या प्राध्यापकाची विद्यापीठाची समिती चौकशी करते, एवढेच ते नाटक. मी तेव्हा ज्या महाविद्यालयात होतो तेथे या नाटकाची प्रत वर्तमानपत्राच्या वेष्टनातून हातोहात फिरत असे. वाचलेली व्यक्ती काही दिवस प्राचार्यांशी जरा जपून बोले.

हिंदी चित्रपटांबद्दल फार बोलण्याजोगे नाही. शंभराहून अधिक चित्रपटांत त्यांनी न्यायाधीश, डॉक्टर, नायक-नायिकेचे वडील असे बरेच काही केले. ‘घरौंदा’साठी सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, 1985 च्या ‘खानदान’ मालिकेमुळे ते दूरदर्शनद्वारा घरोघरी पोहोचले. त्यातले बहुतेक काम त्यांच्या तोलाचे नव्हते. अपवाद दोन. ॲटनबरोंच्या ‘गांधी’मध्ये (1982) ते गोपाळ कृष्ण गोखले झाले, गोखलेही न्यू इंग्लिश स्कूलमधले आणि फर्ग्युसनमधले शिक्षक. दुसरा मृणाल सेन यांचा ‘एक दिन अचानक’ (1989). एक प्राध्यापक भर पावसात घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. उरलेला चित्रपट पत्नी आणि मुले त्याचा अर्थ लावण्यात घालवतात. ज्यांना आपण विद्वान मानत आलो ते कदाचित सामान्यच होते, हे घरच्यांना हळूहळू उमगते. लागू पडद्यावर फार वेळ नाहीत. परंतु पुस्तकांच्या गराड्यात बसलेला त्यांचा तो थकलेला चेहरा मला, निवृत्त प्राध्यापकाला, आजही अस्वस्थ करतो. आपल्या टिपणवह्या आपल्यामागे कोणी उघडील का, हा प्रश्न त्या चेहऱ्यावर मी तरी वाचला.

सत्तरी ओलांडल्यावर, 1999 मध्ये, मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये ते सॉक्रेटिस झाले. दिग्दर्शक अतुल पेठे. काही न लिहिता केवळ प्रश्न विचारणारा हा शिक्षक त्यांना शोभला, कारण प्रत्यक्ष आयुष्यातही ते तसेच वागले होते. देवाला निवृत्त करा, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले, त्याबद्दल रोष पत्करला. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नामवंत नटांना घेऊन ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘लमाण’ हे नाव दिले. इकडचा माल तिकडे वाहून नेणारा, एवढेच नटाचे काम, हा त्याचा भाव. 17 डिसेंबर 2019 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता ती राहिलेली गोष्ट. ‘पिंजरा’ पाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आम्हांला म्हणाले की, माझ्यामागे कोणी माझी तसबीर शाळेत लावावयाचे ठरवले, तर ज्या मुलांना मी छडीने मारले आहे त्यांना आधी विचारा. आम्ही हसलो, ते हसले नाहीत. ती तसबीर माझ्या मागच्या भिंतीवर आहे, आज तिला ताजा हार आहे. लावताना आम्ही कोणालाही विचारले नाही. विचारावयाचे होते त्यांपैकी काही जण समोरच्या रांगांत बसलेले मला दिसताहेत. व्याख्यान संपले की मी खाली येतो.