तिकीट, पास आणि चिठ्ठी : इंदूरच्या मराठी प्रेक्षकाचा हिशेब



आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून एक प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला गेला आहे : "पास मिळाला का हो?" नाटक कोणतं, कंपनी कोणती, हे सगळं नंतर. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि सगळी नोकरी बँकेत काढली. त्यामुळे नाटकाकडेही जमाखर्चाच्या बाजूने बघायची खोड जडली आहे. आज तोच हिशेब मांडतो.

मुळात मराठी नाटकाला तिकीट लागलं ते आश्रय गेला म्हणून. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आधाराने. तेव्हा प्रेक्षक म्हणजे दरबाराचे पाहुणे. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, आधार तुटला आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. 1853 साली मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. म्हणजे ज्याच्याकडे पैसे, त्याला खुर्ची. कुणाच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. मला विचाराल तर तिकीट ही फार मोठी सुधारणा होती.

आपल्या इंदुरात मात्र दरबार आणखी बरीच वर्षं राहिला. होळकरांच्या गावी मराठी अधिकारी, कारकून, शिक्षक, वकील असा जाणता प्रेक्षक तयार होता, म्हणून नाटक मंडळ्या आवर्जून इकडे येत. देवलांच्या 'शारदा' नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळींनी केला तो पुण्यात नाही, मुंबईत नाही, इंदुरात, जानेवारी 1899 मध्ये. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधण्यावरचं ते नाटक सगळ्यात आधी आपल्या आजे-पणज्यांनी पाहिलं. हे आपल्या नातवंडांना सांगितलंच पाहिजे.

1948 साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. जे सांगलीला 1851 मध्ये घडलं, ते आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षांनी घडलं. आश्रय संपला. आता मुंबईची कंपनी आणायची तर खर्च कोण करणार? अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. नेपथ्याचा ट्रक, कलाकारांची बस, राहायची-जेवायची सोय. एका रात्रीच्या खिडकीवरच्या विक्रीतून हे निघत नाही, हे कुणीही कॉमर्सवाला पाच मिनिटांत सांगेल.

मग आली स्मरणिका. गणेशोत्सव असो की मंडळाचा वाढदिवस, कार्यकर्ते काखेत पावतीपुस्तक मारून दुकानादुकानांत फिरायचे. अर्धं पान, पाव पान, "शुभेच्छुक" म्हणून नुसतं नाव. जाहिरातीमागे दोन पास. शिवाय नगरपालिका, पोलीस, वीज मंडळ, वर्तमानपत्र, सगळ्यांना पास. ऑर्केस्ट्रा असला की विचारूच नका. किशोर-मुकेश-लताची गाणी ऐकायला सगळं गाव लोटायचं, त्यामुळे पासांची मागणी दुप्पट. जे तिकीट दरबारच्या मर्जीतून सुटण्यासाठी निघालं, ते अशा रीतीने पुन्हा ओळखीच्या रांगेत येऊन उभं राहिलं.

आमच्या शाखेलाही जाहिरातीचे दोन पास यायचे. पहिल्यांदा ते साहेबांच्या टेबलावरूनच परस्पर कुणा खातेदाराकडे गेले. स्टाफमध्ये कुरबुर झाली. पुढच्या खेपेला हेड कॅशिअरने तोडगा काढला : सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, अगदी दफ्तरीपासून साहेबांपर्यंत. टोकनांच्या डब्यात टाकायच्या आणि चहाच्या वेळी चहावाल्या पोराने एक उचलायची. एकदा ऑर्केस्ट्राचे पास आमच्या दफ्तरीला लागले. तो माळवी बोलणारा गृहस्थ. पास दोनाचे, हा बायको आणि तीन पोरांना घेऊन हजर. दारावर थोडी हुज्जत झाली, पण कार्यकर्ता समजूतदार निघाला. पोरं मांडीवर बसवून शेवटच्या गाण्यापर्यंत पाचही जण जागचे हलले नाहीत.

आणि त्याच कार्यक्रमात पहिल्या दोन रांगा? अर्ध्या रिकाम्या! मानाचे पास ज्यांना गेले ते आलेच नाहीत. मागे लोक भिंतीला टेकून उभे. नाटकांतही हेच दृश्य मी कितीदा पाहिलं आहे. नट समोर बघून जीव ओतून बोलतो आहे आणि समोर पांढरे अभ्रे घातलेल्या रिकाम्या खुर्च्या. फुकटचा पास घरी विसरता येतो हो. पैसे मोजून घेतलेलं तिकीट नाही विसरत, आणि चिठ्ठीत लागलेलं तर मुळीच नाही.

या दुखण्यावर आपल्या गावाने जो इलाज काढला त्याचा मला खरा अभिमान आहे : वार्षिक सभासदत्व. 'सानंद'ची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत आणि बहार असे पाच गट, आणि एकाच नाटकाचे पाच गटांसाठी पाच प्रयोग. नावंसुद्धा बघा : रामूभैया रसिक म्हणून मोठे, बारपुते हिंदी वर्तमानपत्राचे संपादक असून मराठी रंगभूमीवर रमलेले, मामा गवई. आता बँकवाल्याच्या नजरेने बघा. ट्रकचा जाण्यायेण्याचा खर्च एकदाच, प्रयोग पाच. वर्गणी आधी जमा, म्हणून कंपनीला तारीख देताना हात थरथरत नाही. आणि सभासदाची खुर्ची ही त्याची हक्काची, कुणाच्या उपकाराची नाही.

पण एक गोष्ट ताळेबंदात येत नाही. आमच्या पिढीतल्या पुष्कळांची मुलं हिंदी-इंग्रजी शाळांत शिकली. घरात "आई, पानी दे दो" चालतं. त्यांच्या कानावर दोन-अडीच तास सलग स्वच्छ मराठी कुठे पडते? त्या अंधाऱ्या सभागृहातच. माझ्या मुलाला देवनागरी मराठी वाचायचा कंटाळा, पण विनोदाला तो बरोबर जागेवर हसतो. ते तो तिथेच शिकला. म्हणून म्हणतो, रिकामी खुर्ची हे नुसतं तिकिटाचं नुकसान नाही. तिथे बसू शकलं असतं असं एक पोर त्या रात्री घरी टीव्हीसमोर बसलेलं असतं.

तेव्हा मंडळी, एक विनंती. प्रयोगाला जाणं जमणार नसेल तर आपला पास दुपारीच कुणाला तरी देऊन टाका. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला द्या, सोसायटीच्या वॉचमनला द्या, मराठी येत नसलं तरी द्या. दोघे-तिघे मागणारे असतील तर सरळ चिठ्ठी टाका. आणि कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत जुनी स्मरणिका किंवा तिकिटाचा अर्धा तुकडा सापडला तर रद्दीत घालू नका. फोटो काढून इथे लावा. आपला इतिहास असाच, अर्ध्या-अर्ध्या तुकड्यांत शिल्लक आहे.