हवाना चिरुटाचें मोल

वस्तूची किंमत पाहून तिची योग्यता ठरविण्याची संवय मनुष्याला फार जुनी आहे. ज्याला स्वतः पारख करतां येत नाहीं त्याला किंमतीचा आधार वाटतो, आणि विकणाऱ्यालाही हें चांगलें ठाऊक असतें. चिरुटाच्या बाबतींत ही गोष्ट विशेष दिसून येते. एक चिरूट मोजक्या रुपयांना मिळतो, दुसऱ्यासाठीं हजारों रुपये मोजावे लागतात. दोन्ही तंबाखूच्या पानांचेच आणि दोहोंचा शेवट राखेंतच. मग महाग चिरुटांत अधिक असें काय असतें, आणि तें दिलेल्या पैशाच्या तोडीचें असतें काय? हा प्रश्न जिभेवर सोपविला तर वाद कधींच मिटावयाचा नाहीं. कारण जितक्या जिभा तितके निर्णय. इतिहासाकडे नेल्यास मात्र थोडाफार निवाडा होण्यासारखा आहे. क्यूबा बेटावरील हवाना शहराच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या चिरुटांची तीनशें वर्षांची हकीकत यासाठीं उपयोगी पडते. तींत कधीं पान तेंच राहून किंमत बदलली आहे, तर कधीं नांव तेंच राहून पान बदललें आहे.

प्रथम जें खरें आहे तें मान्य केलें पाहिजे. क्यूबाच्या पश्चिम भागांत, पिनार देल रिओ प्रांतांत, व्हुएल्ता आबाहो नांवाचा मुलूख आहे. उत्तम हवाना चिरुटांचें पान मुख्यतः तेथलें. चिरूट तीन प्रकारच्या पानांचा बनतो: आंत भरावयाचें पान, तें आवळून धरणारें पान आणि सर्वांवरून गुंडाळावयाचें वेष्टनाचें पान. वेष्टनाच्या पानावर डाग किंवा छिद्र खपत नाहीं; म्हणून तीं झाडें कापडाच्या मांडवाखालीं वाढवितात. खुडलेलीं पानें आधीं वाळवावयाचीं, मग ढीग रचून त्यांच्याच उष्णतेनें मुरवावयाचीं, आणि पुढें महिनोन्महिने, कधीं वर्षानुवर्षें, ठेवून द्यावयाचीं. तेव्हां कोठें त्यांचा उग्रपणा जातो. त्यानंतर पान कारागिराच्या हातीं येतें. एक फळी, एक बांकदार पातें आणि थोडा डिंक एवढीच त्याची सामुग्री. दिवसभर बसून त्याच्या हातून शंभराच्या आगेंमागें चिरूट होतात.

उलटपक्षीं, अगदीं स्वस्त चिरूट यंत्रावर होतो. त्याच्या पोटांत अखंड पानांऐवजीं तुकडे असतात. १९५० नंतरच्या दशकांत तर पानांचा चुरा दळून, डिंकांत कालवून, त्याचे कागदासारखे पापुद्रे काढण्याची युक्ति निघाली, आणि खऱ्या पानाच्या जागीं ते वापरूं लागले. अखंड पान सावकाश व सारखें जळतें, तुकडे भरभर आणि तापून जळतात. म्हणजे यंत्राचा चिरूट आणि हातानें वळलेला चिरूट यांतील भेद काल्पनिक नाहीं. त्या भेदापुरती अधिक किंमत न्याय्यच म्हटली पाहिजे.

परंतु किंमतीचा हिशोब येथेंच संपत नाहीं. १७१७ सालीं स्पेनच्या राजानें क्यूबांतील तंबाखूचा मक्ता आपल्याकडे घेतला. शेतकऱ्यानें आपलें पान सरकारी भावानें सरकारलाच विकावें, असा निर्बंध झाला. तें पान समुद्रापार सेव्हिलच्या राजकीय कारखान्यांत जाऊं लागलें. ईस्ट इंडिया कंपनीच्या अफूच्या मक्त्याची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत अपरिचित वाटणार नाहीं. क्यूबांतील शेतकरी १७१७, १७२० आणि १७२३ असे तीन वेळां उठले. अखेरच्या उठावानंतर त्यांच्यापैकीं कित्येकांना देहान्ताची शिक्षा देण्यांत आली. मक्ता पुढें शंभर वर्षें टिकला व १८१७ सालीं उठला. या सर्व काळांत सेव्हिलच्या चिरुटाची किंमत आणि पान पिकविणाऱ्याची मिळकत यांचा एकमेकींशीं संबंध फार थोडा होता.

मक्ता उठल्यावर हवानांत खाजगी कारखाने निघाले. उपमन १८४४ चा, पार्तागास १८४५ चा. चिरुटाची कीर्ति वाढली तशा नकलाही वाढल्या. तेव्हां १८८९ सालीं स्पेनच्या राजसत्तेनें हवानाच्या कारखानदारांच्या संघाला अस्सलपणाची मोहोर लावण्याचा अधिकार दिला. स्वतंत्र क्यूबानें १९१२ सालीं हमीचा शिक्का कायद्यानेंच ठरविला. नकली माल हुडकण्यासाठीं सरकारला कायदा करावा लागतो, यावरूनच हें दिसतें कीं, पुष्कळ गिऱ्हाइकांना पान ओळखतां येत नव्हतें. त्यांना ओळखतां येत होतें तें नांव.

यानंतरची हकीकत आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळची आहे. अमेरिकेची जकात बाहेरून आलेल्या तयार चिरुटावर जबर होती, कच्च्या पानावर त्या मानानें हलकी. व्हिसेंते मार्तिनेझ ईबोर या कारखानदारानें हें ओळखलें. क्यूबांतील यादवीमुळें १८६९ सालीं तो फ्लॉरिडांतील की वेस्ट येथें आला होताच. १८८६ च्या सुमारास त्यानें तेथील टँपा गांवाजवळ चिरुटांची एक वसाहतच उभारली. हवानाचें पान आगबोटीनें येई आणि त्याच्या मागोमाग क्यूबाचे कारागीरही आले. पान तेंच, हात तेच, वळण्याची पद्धत तीच. मध्यें होती ती फक्त जकातीची रेषा. त्या रेषेच्या अलीकडे वळलेला चिरूट स्वस्त आणि पलीकडे वळलेला महाग. या किंमतींतील फरकाचा मोठा वांटा जकातीचा होता, आणि जकात कांहीं कोणाच्या जिभेला लागत नाहीं.

या कारागिरांविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १८६५ सालीं हवानाच्या एल फीगारो कारखान्यांत, काम चालू असतां मोठ्यानें वाचून दाखविणारा वाचक बसविण्याची चाल सुरू झाली. त्याचें वेतन मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरींतून वर्गणी काढून देत. वर्तमानपत्रें, कादंबऱ्या, राजकीय निबंध, सर्व कांहीं त्या दालनांतून वाचलें जाई. पुढच्याच वर्षीं सरकारनें या चालीस बंदी केली, तरी ती मेली नाहीं. ती टँपापर्यंत गेली. १८९१ सालीं होसे मार्ती तेथें आला तेव्हां क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठीं या चिरूट वळणाऱ्यांनीं त्याला आपल्या मजुरींतून पैसा दिला. १९३१ सालीं टँपाच्या मालकांनीं वाचकांना काढून टाकलें आणि त्यावरून संप झाला. चिरुटाच्या पेटीवर सोनेरी चित्रें पुष्कळ छापलीं गेलीं. पण हा वाचक आणि त्याचे श्रोते हा त्या धंद्याचा खरा अलंकार होता, आणि त्याचा खर्च किंमतींत धरलेला नव्हता.

१९६० सालीं क्यूबाच्या क्रांतिकारक सरकारनें चिरुटांचे कारखाने ताब्यांत घेतले आणि १९६२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेनें व्यापार बंद केला. अध्यक्ष केनेडी यांनीं बंदीच्या हुकुमावर सही करण्यापूर्वीं आपल्याकडून बाराशें क्यूबन चिरूट आणवून घेतले, असें त्यांचे वृत्तसचिव पिअर सॅलिंजर यांनीं पुढें स्वतःच सांगितलें. देश सोडून गेलेल्या मालकांनीं क्यूबाचें बियाणें डॉमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वा या देशांत लाविलें आणि जुन्याच नांवांनीं चिरूट काढले. त्यामुळें पार्तागास दोन झाले, उपमनही दोन. नांव एक आणि पान निराळें. अमेरिकेच्या बाजारांत जें मिळत नाहीं त्याची गोडी अर्थातच वाढली. पण दुर्मिळपणा हा कांहीं पानाचा गुण नव्हे. जिनीव्हाचा नामांकित व्यापारी झिनो दाव्हिदोफ यानें १९८९ सालीं आपल्याच नांवाचे लक्षाहून अधिक क्यूबन चिरूट निकृष्ट ठरवून जाहीरपणें जाळले. तेव्हां हवानाचें नांव म्हणजे उत्तमपणाची हमी नव्हे, हें अगदीं जाणकारानेंच दाखवून दिलें. उलट, २०२२ सालीं क्यूबन चिरुटांची विक्री करणाऱ्या हवानोस कंपनीनें कोहीबा आणि त्रिनिदाद या चिरुटांच्या किंमती जगभर एका पातळीवर आणावयाच्या म्हणून चढविल्या, आणि कित्येक देशांत त्या दुपटीहूनही वर गेल्या. कालचाच चिरूट आज दुप्पट चांगला झाला, असें त्याचा कट्टर भक्तही म्हणणार नाहीं.

आतां निवाडा करतां येईल. महाग चिरुटाच्या किंमतीचे तीन वांटे पडतात: पहिला पानाचा, मुरवणीचा आणि हाताचा, दुसरा जकातीचा आणि मक्त्याचा, तिसरा नांवाचा आणि दुर्मिळपणाचा. पहिल्या वांट्यापुरता जास्त पैसा देणाऱ्यास त्याचा मोबदला मिळतो. ती मर्यादा ओलांडल्यावर तो पान विकत घेत नसून प्रतिष्ठा विकत घेत असतो. आणि तेवढ्यानें स्वस्त तें सारें टाकाऊ ठरत नाहीं. ‘चिरूट’ हा शब्दच तमिळ देशांतून आला. तेथला त्रिचनापल्लीचा चिरूट दोन्ही टोकांना उघडा, साधा आणि स्वस्त असे, तरी १८८७ च्या पहिल्याच शेरलॉक होम्स कथेंत त्याच्या राखेला मानाची जागा मिळाली आहे.

एका बाबतींत मात्र महाग आणि स्वस्त यांत कांहींच भेद नाहीं. चिरुटाच्या धुरानें तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसें यांना कर्करोग होतो, हें अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें १९९८ च्या आपल्या ग्रंथांत साधार मांडलें आहे, आणि पेटीवरचा शिक्का पाहून रोग थांबत नाहीं. ज्याला हें जाणूनही चिरूट ओढावयाचा असेल त्यानें किंमत देण्यापूर्वीं एवढें तरी विचारावें कीं, यांतील किती पैसा पानाला, किती हाताला आणि किती नुसत्या नांवाला जातो आहे. क्यूबाचा शेतकरी १७१७ सालीं हाच प्रश्न राजाला विचारीत होता.