अदृश्य वैरी आणि मानवी प्रयत्न : मुंबईच्या प्लेगची कहाणी

साथीचा रोग हा मानवी समाजाचा फार जुना वैरी आहे. पटकी, देवी, गाठीचा ताप यांची नुसती नावे ऐकून एके काळी गावेच्या गावे ओस पडत. घराला कुलूप लावून माणसे रानात झोपड्या बांधून राहत. रोग कोठून येतो, कसा पसरतो आणि का थांबतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी ग्रहांना दोष देई, कोणी दैवी कोपाला, तर कोणी दूषित हवेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि जर्मनीत रॉबर्ट कॉक यांनी सूक्ष्म जीवांमुळे रोग होतात हे सप्रमाण दाखवून दिले. १८८२ मध्ये कॉक यांनी क्षयाचा जंतू शोधला. पुढे कलकत्त्यात येऊन १८८४ मध्ये त्यांनी पटकीच्या जंतूचाही निर्वाळा दिला.

हे नवे ज्ञान पुस्तकातून समाजाच्या जीवनात उतरण्याचा प्रवास मात्र सोपा नव्हता. त्या प्रवासातील एक महत्त्वाचे पर्व आपल्या मुंबईत घडले.

मांडवीची वस्ती आणि पहिली चाहूल

१८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगची साथ उसळली. तेथेच अलेक्झांडर येर्सिन या संशोधकाने प्लेगचा जंतू शोधून काढला. त्याच सुमारास जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनीही तेथे संशोधन केले होते. दोनच वर्षांनी हा रोग मुंबईत दाखल झाला.

मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागात धान्याच्या वखारी, व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि दाटीवाटीची घरे होती. सप्टेंबर १८९६ मध्ये तेथील रुग्णांना तीव्र ताप येऊन जांघेत वा काखेत गाठी येऊ लागल्या. मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेगच असल्याचे निदान केले. प्रारंभी अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. परंतु निदान खरे ठरले. पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव पोहोचला. त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत या रोगाने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

भीतीने झाकोळलेले उपाय

जंतू सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोडे सुटलेले नव्हते. अस्वच्छ जमीन आणि कोंदट हवा यांतच रोगाचे मूळ आहे, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून गटारे धुतली गेली, घरांना चुना दिला गेला, कौले काढून घरात ऊन आणले गेले. खरा वाहक मात्र नजरेआड राहिला.

उपायांची पद्धतही लोकांना जाचक वाटली. रुग्णाला कुटुंबापासून तोडून रुग्णालयात नेले जाई. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील साथीच्या रोगांच्या रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात घरोघरी झडतीसाठी गोऱ्या सैनिकांची योजना झाली आणि असंतोष पेटला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या.

याच काळात समाजातील सेवाभावही प्रकट झाला. निरनिराळ्या ज्ञातींनी आणि धर्मसमाजांनी मुंबईत स्वतःची प्लेग रुग्णालये उभारली. आपल्याच माणसांच्या देखरेखीखाली उपचार होणार म्हटल्यावर लोकांची भीती ओसरू लागली. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

हाफकिन यांची लस

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसा येथे जन्मलेल्या या ज्यू शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीवरील लस तयार केली होती. १८९३ पासून ते भारतात तिचे प्रयोग करीत होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये अपुऱ्या साधनांनिशी त्यांनी प्लेगच्या लसीचे काम सुरू केले. पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांखाली जंतूंची वाढ करावयाची आणि मग उष्णतेने ते जंतू मारावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. मृत जंतू शरीरात गेल्याने रोग होत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख पटते आणि प्रतिकाराची तयारी होते, हे लसीचे तत्त्व होय.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ सुरू झाली. तेथे स्वेच्छेने लस घेतलेल्या कैद्यांमध्ये रोगाचे प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा बरेच कमी आढळले. तिसरे आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांचा संकोच दूर झाला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

मुलकोवालचा धडा

याच कार्याला एक दुर्दैवी घटना ग्रहणासारखी लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीचा ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले.

पुढे निराळीच वस्तुस्थिती समोर आली. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत बीजरूपाने दीर्घकाळ टिकतात आणि शरीरात शिरल्यावर घातक विष निर्माण करतात. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले आणि भारतात परतले, पण परळच्या प्रयोगशाळेत त्यांना पुन्हा स्थान मिळाले नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. क्षणभराच्या निष्काळजीपणाने १९ कुटुंबे उद्ध्वस्त झाली आणि एका सेवाव्रती शास्त्रज्ञाच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे करपली.

उंदीर, पिसू आणि माणूस

दरम्यान १८९८ मध्ये कराचीत पॉल लुई सिमाँ यांनी प्रयोगाने दाखवले की, प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो. त्यांच्यावर प्रारंभी फारसा विश्वास ठेवला गेला नाही. पुढे मुंबईत कॅप्टन लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोग यांनी या मताला पुष्टी दिली. आजारी उंदराचे रक्त प्यालेल्या पिसवेच्या पोटात जंतू वाढतात. उंदीर मेला की भुकेली पिसू माणसाला चावते आणि जंतू शरीरात शिरतात. ते लसग्रंथींत वाढून गाठी आणतात. फुप्फुसात पोहोचले तर खोकल्याच्या तुषारांतून रोग थेट दुसऱ्या माणसाला होतो. ही साखळी कळल्यावर धान्याची बंदिस्त साठवण, केरकचऱ्याची विल्हेवाट आणि उंदीर शिरणार नाहीत अशी बांधकामे यांचे महत्त्व पटले. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला आणि वेळीच निदान झाल्यास प्लेग बरा होऊ लागला. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात व सुरतेत प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा प्रतिजैविकांमुळे साथ लवकर आटोक्यात आली.

जंतू आणि विषाणू यांतील भेद

सर्वच रोगांना हा उपाय लागू पडत नाही. प्लेग, क्षय, पटकी, धनुर्वात हे जीवाणूंचे रोग. जीवाणू ही स्वतंत्रपणे जगू शकणारी पेशी असल्याने प्रतिजैविके तिच्यावर आघात करतात. देवी, गोवर, पोलिओ, इन्फ्लुएंझा, कोविड हे विषाणूंचे रोग. विषाणू आपल्याच पेशीत शिरून तिच्याकरवी स्वतःच्या प्रती तयार करवितो. त्याच्यावर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. १९१८ मध्ये मुंबईमार्गे देशभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाचे कारण शास्त्रज्ञ एका जीवाणूतच शोधत होते. खरा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये. म्हणून साध्या सर्दी-तापावर मनाने प्रतिजैविके घेणे, किंवा बरे वाटताच डॉक्टरांनी दिलेला औषधांचा क्रम मध्येच सोडणे, यांतून औषधांना दाद न देणारे जीवाणू बळावतात.

विषाणूंविरुद्धचे सर्वांत मोठे शस्त्र लस हेच ठरले आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या बालिकेला देवीची लस टोचली गेली. भारतातील ते पहिले लसीकरण होय. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले. २०१४ मध्ये आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

उपसंहार

या इतिहासाचे सार एवढेच की, रोगाचे कारण कळले म्हणजे रोग जिंकला असे होत नाही. प्लेगचा जंतू मुंबईत साथ येण्यापूर्वीच सापडला होता, तरीही लाखो माणसे मृत्युमुखी पडली. सक्तीने लोक दुरावले, विश्वासाने जवळ आले. शास्त्रज्ञाच्या अनेक वर्षांच्या परिश्रमांवर एका अस्वच्छ चिमट्याने पाणी फिरवले. उकळलेले पाणी, धुतलेले हात, झाकलेले धान्य, वेळेवर दिलेली लस आणि आजाऱ्याविषयी तिरस्काराऐवजी आपुलकी, या गोष्टी दिसायला लहान आहेत. परंतु अदृश्य वैऱ्याची वाट याच अडवतात. परळची ती जुनी वास्तू आजही उभी आहे. तिच्यावरून जाता-येता एवढी आठवण जागी राहिली, तरी त्या काळात गेलेल्या जिवांचे ऋण काही अंशी फिटेल.