राहुरीचा ऊस आणि त्याचें एकच गिऱ्हाईक

व्यापारांत चढाओढ असावी कीं मक्ता असावा, आणि सरकारनें त्यांत हात घालावा कीं दूर उभें राहून पाहावें, हा वाद आमच्या इकडे इंग्रजी ग्रंथांबरोबर आला व बहुतांशीं ग्रंथांतच राहिला. तो प्रत्यक्ष समजून घेण्यास अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील राहुरी तालुक्याएवढें सोयीचें ठिकाण आम्हांस दुसरें दिसत नाहीं. उत्तरेकडे प्रवरेचा कालवा, मधून वाहणारी मुळा, आणि या पाण्यावर वाढलेला ऊस. तो विकत कोण घेणार, या एका प्रश्नानें तेथील कित्येक पिढ्यांचें बरेंवाईट ठरविलें आहे.

प्रथम उसाचा स्वभाव पाहिला पाहिजे. कारण ग्रंथांतील चढाओढीचे नियम तेथेंच अडखळतात. ज्वारी पेवांत घालून भाव चढेपर्यंत थांबतां येतें. कापसाच्या गांठी बांधून मुंबईस धाडतां येतात. ऊस मात्र तोडला कीं लौकर गाळावा लागतो. पडून राहिला तर वजन घटतें आणि साखरहि कमी उतरते. शिवाय माल जड, त्यामुळें दूर नेणें परवडत नाहीं. ज्याच्या आवाक्यांत एकच कारखाना आहे, त्या शेतकऱ्याच्या अंगीं भाव करण्याची शक्ति ती कोठून असणार? गुऱ्हाळ ही त्याची एक पळवाट; पण गुळाचा बाजार पडला म्हणजे तीहि बुजते. मक्तेदार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एकटा विकणारा येतो. राहुरीकडे खरा धोका एकट्या घेणाऱ्याचा होता.

हा ऊस तेथें आणला तो सरकारच्याच पाण्यानें. दख्खनचे कालवे दुष्काळांतून रयत वांचावी म्हणून काढले गेले. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. परंतु पाणीपट्टी भरण्याचें सामर्थ्य ज्वारीपेक्षां उसांत अधिक, त्यामुळें दुष्काळासाठीं आणलेलें पाणी साखरेकडे वळलें. त्याच काळांत हरेगांवास बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. कंपनीनें आसपासच्या जमिनी खंडानें घेऊन आपला ऊस आपणच पिकविला. म्हणजे शेतकरी विकणाराहि उरला नाहीं.

न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत जें व्याख्यान दिलें, त्यांत विलायतेचे आर्थिक सिद्धांत सर्व देशांस सारखे लागू नाहींत आणि उद्योगाच्या बाल्यावस्थेंत सरकारनें हात दिला पाहिजे, असें प्रतिपादन होतें. त्यानंतर चाळीस वर्षांनीं, १९३२ त, जावाच्या साखरेविरुद्ध संरक्षणाचा कायदा झाला. देशांतील कारखाने तिसाच्या आसपास होते ते चारपांच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. रानड्यांचें म्हणणें खरें ठरलें. परंतु संरक्षणाचें फळ घरांत कोणी खावें, हा प्रश्न शिल्लकच होता. १९३७ त कारखानदारांनीं सिंडिकेट काढली, आणि संयुक्त प्रांत व बिहार या सरकारांनीं तिचें सभासदत्व सक्तीचें केलें. परकी चढाओढ जकातीनें गेली, घरची सिंडिकेटीनें! भाव इतके चढूं लागले कीं १९४० त त्याच सरकारांना तिची मान्यता काढून घ्यावी लागली.

तोड निघाली ती प्रवरेच्या कांठीं, लोणीस. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं उभारलेल्या सहकारी कारखान्याची नोंदणी डिसेंबर १९४८ त झाली, आणि १९५०-५१ च्या हंगामांत गाळप सुरू झालें. गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनीं अध्यक्षपद घेऊन शेतकऱ्यांबरोबर बसावें, ही गोष्ट आम्हां प्राध्यापकवर्गास थोडी लाजविणारीच आहे. युक्ति साधी होती: गिऱ्हाईक एकच असणार असेल, तर विकणाऱ्यांनींच त्या गिऱ्हाइकाचे मालक व्हावें. सरकारनें भागभांडवल दिलें. पुढें परवाने देतांना सहकारी कारखान्यांस झुकतें माप मिळालें. थोड्याच वर्षांत राहुरीचाहि आपला कारखाना झाला.

येथवर कथा गोड आहे. पण कारखान्याचें कर्ज फिटावयाचें तर ऊस खात्रीचा हवा. म्हणून प्रत्येकास क्षेत्र नेमून देण्याची पद्धत आली, आणि १९८४ च्या हुकुमानें ती पक्की झाली. हीच झोनबंदी. आतां मालक म्हणविणारा शेतकरी शेजारचा कारखाना जास्त भाव देत असला तरी तेथें ऊस घालूं शकेना. भाव पटला नाहीं तर संचालक बदला, असें त्याला सांगण्यांत येई. परंतु मत कांहीं वर्षांनीं एकदां द्यावयाचें असतें, ऊस दरसाल तुटतो. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें या बंदीवर कोरडे ओढले ते आमच्या मतें यथार्थ होते. १९९७ त झोनबंदी उठली, त्यापुढच्या सालीं कारखान्यांचा परवानाहि गेला. पुढें राहुरीच्या कारखान्याचें धुराडें कित्येक हंगाम थंड राहिलें. बंदी असती तर त्या सभासदांनीं ऊस बाहेर नेण्यासाठीं किती खेटे घातले असते, याची कल्पनाच करावी.

सरकारनें हात घालूंच नये, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. उसाची किमान किंमत ठरविणें, १९६६ च्या हुकुमान्वयें चौदा दिवसांत पैसे चुकते करावयास लावणें, हें दुबळ्या विकणाऱ्याचें रक्षण आहे. १९३२ सालीं निघालेलें पाडेगांवचें ऊस संशोधन केंद्र आज राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे; त्यानें दिलेल्या वाणांचा लाभ इतका पसरतो कीं त्याचा खर्च कोणी एकटा कारखानदार सोसता ना. पण २००६ पासून दोन कारखान्यांत १५ किलोमीटर अंतर असलेंच पाहिजे असा नियम झाला, आणि महाराष्ट्रानें तें २५ वर नेलें. यांत रक्षण होतें तें चालू कारखान्याचें. ऊसवाल्यापुढें उभा राहूं शकणारा दुसरा घेणारा तेवढा दूर राहतो. रंगराजन समितीनें २०१२ त ही अट काढावी असें सुचविलें. पुढच्या वर्षीं साखरेवरील लेव्ही गेली. अंतराचा निर्णय राज्यांवर सोंपविण्यांत आला, आणि महाराष्ट्रानें अट तशीच ठेवली.